विकलेला माल परत घेतला जाणार नाही

एखादी वस्तू खरोखर आपल्या मालकीची आहे की नाही, हे ठरवायला वकील लागत नाही. ती मागायला कोणी येतं का, एवढं पाहावं. माझ्या पुस्तकांच्या बाबतीत शंकेला कधी जागाच राहिलेली नाही. आमचे मेव्हणे येतात, चहा घेतात, हात मागे बांधून कपाटासमोर उभे राहतात, मान वाकडी करून एकेक नाव वाचतात आणि निघताना म्हणतात, "हे जरा नेतो हं, भावोजी." या 'जरा'ची मुदत पंचांगात सापडत नाही. त्यांच्या घरी गेलं की आपली पुस्तकं काचेआड ओळीने उभी दिसतात, आपल्याकडे होती त्याहून नीट. एकदा धीर करून त्यातलं एक मी मागितलं, तर म्हणाले, "न्या की! वाचून झालं की आठवणीने आणून द्या फक्त. हल्ली लोक पुस्तकं नेतात ती देतच नाहीत."

माझ्या टॅबमध्येही पुस्तकं आहेत. फुकटची नव्हेत, रीतसर पैसे मोजून घेतलेली. मेव्हण्यांनी तो टॅब हातात घेऊन पाहिला आहे, बोटाने दोन-चार पानं सरकवली आहेत आणि चष्म्याच्या घराशेजारी परत ठेवून दिला आहे. त्यातलं एकही पुस्तक त्यांनी आजवर मागितलेलं नाही. त्यांनी कॉपीराइटचा कायदा वाचलेला नाही, पण नाक उपजत तीक्ष्ण आहे. जिथे यजमानाचीच मालकी नाही, तिथे ते हात घालत नाहीत.

पुण्यातल्या दुकानांच्या पाट्यांवर बाहेरगावच्या लोकांनी पोटभर हसून घेतलेलं आहे. त्यातली सर्वांत जुनी, सर्वांत मळकी आणि गल्ल्यामागे हटकून लटकलेली पाटी म्हणजे 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही'. लोकांना हा दुकानदाराचा उर्मटपणा वाटतो. मला विचाराल तर ती ग्राहकाच्या हक्कांची सनद आहे. दुकानदार तुम्हाला लेखी वचन देतोय की, बाबा रे, पैसे माझे झाले, माल तुझा झाला, आता तू आणि तुझं नशीब. मी तुझ्या घरी येणार नाही, तू माझ्या दुकानात येऊ नकोस. दुपारी एक ते चार तर मुळीच नको. मालकी हस्तांतरित करण्याचा याहून स्वच्छ मसुदा एखाद्या सॉलिसिटरलाही जमणार नाही.

पडद्यावरच्या दुकानांनी ही पाटी उलटी करून लावली आहे. तिथे विकलेला माल परत घेतला जातो, आणि तोही आपण न मागता.

२००९ च्या जुलैमध्ये अमेरिकेत ज्यांनी किंडलवर जॉर्ज ऑर्वेलच्या दोन कादंबऱ्या विकत घेतल्या होत्या, त्यांच्या यंत्रातून त्या एकाएकी नाहीशा झाल्या. ज्या विक्रेत्याने त्या ॲमेझॉनच्या दुकानात ठेवल्या होत्या त्याच्याकडे अमेरिकेतले हक्कच नव्हते, हे लक्षात आल्यावर कंपनीने दूर बसून त्या पुसून टाकल्या आणि पैसे खात्यात परत टाकले. त्यातली एक कादंबरी 'ॲनिमल फार्म' आणि दुसरी 'नाइन्टीन एटी-फोर'. या दुसरीत सरकारला नकोसे झालेले कागद भिंतीतल्या भोकात टाकायचे, ते आत जळून जायचे आणि मग ते कधी नव्हतेच असं धरून चालायचं, अशी सोय आहे. जगात एवढी पुस्तकं पडलेली असताना नेमकं हेच गायब करावं, याला योगायोग म्हणायचं की वाङ्मयाची जाण, ते ज्याचं त्याने ठरवावं. कंपनीचे प्रमुख जेफ बेझोस यांनी नंतर जाहीर माफी मागितली आणि हा निव्वळ मूर्खपणा होता अशा अर्थाची कबुलीही दिली.

शाळेतल्या एका मुलाची मात्र पंचाईत झाली. सुट्टीच्या अभ्यासासाठी त्याने त्या कादंबरीवर टिपणं काढली होती. टिपणं राहिली, पण ज्या पानांवर ती होती ती पानंच गेली. आपल्यापैकी प्रत्येकाने कधी ना कधी 'बाई, वही घरी राहिली' असं सांगितलेलं आहे आणि छडी खाल्ली आहे. 'पुस्तक दुकानदार परत घेऊन गेला' ही सबब जगाच्या इतिहासात बहुधा प्रथमच खरी ठरली. तो मुलगा कोर्टात गेला आणि प्रकरण तडजोडीने मिटलं. आमच्या वेळी असं कोर्ट माहीत असतं तर गणिताच्या वह्यांचे किती दावे दाखल झाले असते!

या कोर्टकचेरीला एक जुना आजोबा-खटला आहे, आणि तो मला फार आवडतो. अमेरिकेतल्या एका प्रकाशकाने 'द कास्टअवे' नावाची कादंबरी काढली आणि आत छापून टाकलं की हिची किंमत एक डॉलर. कोणी त्याहून कमी किमतीला विकेल तर तो कॉपीराइटचा भंग समजला जाईल. न्यूयॉर्कच्या मेसीज या बड्या दुकानाने ती ८९ सेंटला विकायला काढली. प्रकाशक थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९०८ साली न्यायालयाने सांगितलं की पुस्तकाच्या प्रती काढण्याचा हक्क तुमचा. पण एकदा प्रत विकलीत की त्या प्रतीचं पुढे काय करायचं, हे तुम्ही सांगू शकत नाही. म्हणजे गल्ल्यामागच्या पाटीवर जे आहे तेच, फक्त इंग्रजीत आणि काळा झगा घालून.

आपल्याकडच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातही प्रती बाजारात आणण्याचा हक्क लेखकाला देताना 'आधीच बाजारात आलेल्या प्रती सोडून' असा एक आडवा शब्दप्रयोग आहे. त्या एवढ्याशा फटीतून केवढा संसार चाललाय पाहा. अप्पा बळवंत चौकातली जुन्या पाठ्यपुस्तकांची दुकानं, मुंबईत फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवरचे ढीग, गल्लोगल्लीचे रद्दीवाले, अनामत ठेवून कादंबऱ्या नेऊ देणाऱ्या लायब्रऱ्या, आणि अर्थातच आमचे मेव्हणे.

डिजिटल मालाला ही फट नाही. 'रिडिजी' नावाच्या एका अमेरिकन कंपनीने वापरलेली गाणी विकायचा धंदा काढून पाहिला होता. तुम्ही विकत घेतलेलं गाणं नको झालं असेल तर ते त्यांच्यामार्फत दुसऱ्याला विका, तुमच्याकडचं पुसलं जाईल. वापरलेलं गाणं म्हणजे काय, हे मला अजून नीटसं उमगलेलं नाही. बाही फाटलेली असते की काय? पण २०१८ मध्ये वरिष्ठ न्यायालयाने सांगितलं की एका यंत्रातून दुसऱ्या यंत्रात गाणं जातं तेव्हा ते जात नसतं, त्याची नवी प्रत तयार होत असते. आणि प्रत काढणं हा तर मालकाचा हक्क. तार्किकदृष्ट्या बिनतोड आहे. रद्दीवाल्याच्या काट्यावर मात्र हा युक्तिवाद टिकणार नाही.

मग 'विकत घ्या' असं लिहिलेलं ते बटण दाबून आपण नेमकं करतो काय? त्या बटणाखाली अटींचा जो मजकूर असतो, आणि जो वाचल्याची आपण सगळेजण बिनदिक्कत खोटी कबुली देतो, त्यात लिहिलेलं असतं की हा माल तुम्हाला विकलेला नसून वापरण्याचं लायसन्स दिलेलं आहे. आता हे वाक्य ह्यूस्टनच्या किंवा हॅम्बुर्गच्या माणसाला कदाचित समजणार नाही. पण पुण्या-मुंबईत भाड्याने राहिलेल्या कुठल्याही माणसाला हे समजावून सांगायला नको. 'लीव्ह अँड लायसन्स'च्या करारावर अंगठे उठवून ज्याने अकरा महिने काढलेत, त्याला लायसन्सचं सारं तत्त्वज्ञान हाडीमाशी खिळलेलं असतं. भिंतीत खिळा ठोकायचा नाही. नॉनव्हेज शिजवायचं नाही. पाहुणे राहायला आले तर घरमालकाला सांगायचं. आणि घर कितीही आवडलं तरी ते आवडल्याचं चेहऱ्यावर दिसू द्यायचं नाही, नाहीतर पुढच्या करारात भाडं वाढतं.

लायसन्स म्हणजे काय, हे आपल्याकडे १८८२ च्या ईझमेंट कायद्यात लिहून ठेवलेलं आहे. दुसऱ्याच्या जागेत, एरवी बेकायदा ठरेल असं काहीतरी करण्याची नुसती परवानगी. जागेत हितसंबंध शून्य. (कायदा जमिनीचा आहे, पुस्तकांचा नाही, हे मला ठाऊक आहे. वकील मंडळींनी पत्रं पाठवू नयेत.) याच कायद्याच्या कलम ६० मध्ये एक मौज आहे. परवानगी देणारा ती केव्हाही मागे घेऊ शकतो. पण परवानगीच्या भरवशावर घेणाऱ्याने पदरचा खर्च करून कायम स्वरूपाचं काही काम केलं असेल, तर मग नाही. हे वाचल्यापासून मी विचारात आहे. टॅबमधल्या पुस्तकावर मी पिवळ्या रंगात ज्या ओळी रंगवल्या आणि समासात ज्या विद्वत्तापूर्ण नोंदी केल्या, त्यांना कायम स्वरूपाचं बांधकाम म्हणता येईल का?

या प्रश्नाचा भाव एका कंपनीने प्रत्यक्ष काढून दाखवला आहे. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये आपलं ई-पुस्तकांचं दुकान बंद केलं, आणि त्या जुलैपासून लोकांनी घेतलेली पुस्तकं उघडेनाशी झाली. पुस्तकांचे पूर्ण पैसे परत मिळाले. शिवाय ज्यांनी पुस्तकांत टिपा किंवा खुणा केल्या होत्या त्यांच्या खात्यात २५ डॉलर जादा जमा झाले. म्हणजे वाचकाच्या आयुष्यभराच्या चिंतनाचं मूल्यांकन झालं २५ डॉलर. सरसकट! कोणी फक्त 'छान' लिहिलं असेल त्यालाही तेवढेच आणि कोणी कांटचं खंडन केलं असेल त्यालाही तेवढेच.

समासातल्या टिपांच्या बाबतीत आमच्या वाचनालयांची परंपरा थोर आहे. तिथे पुस्तक एकट्याने वाचायचं नसतंच. लेखकाने काही विधान केलं की बाजूला कोणीतरी निळ्या शाईत 'साफ चूक!' लिहिलेलं असतं. त्याखाली दुसऱ्या हस्ताक्षरात 'आपण कोण?' आणि त्याखाली पेन्सिलीने, 'दोघेही मूर्ख. पुढे वाचू द्या.' बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांच्या पहिल्याच पानावर खुनी कोण ते लिहून ठेवणारा एक समाजकंटक प्रत्येक गावात असे. त्या माणसाला कोणी कधी पकडलं नाही, पण वाचन हा दोघांतिघांचा, कधी कधी अख्ख्या वॉर्डाचा व्यवहार आहे, हे त्याने जेवढं ठसवलं तेवढं ग्रंथालय चळवळीलाही जमलं नसेल. ई-पुस्तकात 'इतक्या वाचकांनी ही ओळ अधोरेखित केली' अशी एक आदबशीर सूचना येते. कोणी केली, का केली, शाई कुठली, काही नाही. भांडायचं कोणाशी?

लायसन्स रद्द होण्याची उदाहरणं आता इतकी झाली आहेत की त्यांचं कौतुक उरलेलं नाही. फ्लिपकार्टने आपल्याकडे 'फ्लाइट' नावाचं गाण्यांचं दुकान काढलं, २०१२ मध्ये उघडलं आणि २०१३ मध्ये मिटलं; पुढे त्यांची ई-पुस्तकंही गेली. सोनीने २०२३ च्या डिसेंबरात जाहीर केलं की प्लेस्टेशनवर लोकांनी विकत घेतलेल्या डिस्कव्हरीच्या मालिका वर्षअखेर काढून घेण्यात येतील. आरडाओरडा झाला, मग निर्णय फिरवला. यूबीसॉफ्टने 'द क्रू' हा मोटारींच्या शर्यतीचा खेळ ३१ मार्च २०२४ ला बंद केला, म्हणजे ज्यांनी घेतला होता त्यांच्याकडेही तो चालेना. ३१ मार्च ही तारीख बघून, तो खेळ घेतलेल्या आमच्या पुतण्याच्या मित्रापेक्षा आमच्या सीएलाच जास्त भरून आलं. आणि किंडलची पुस्तकं संगणकावर उतरवून वायरने यंत्रात भरण्याची जी सोय होती, ती २६ फेब्रुवारी २०२५ पासून बंद झाली. आपली पुस्तकं निदान गाठोडं बांधून घरात ठेवता येत होती, तेही गेलं.

कॅलिफोर्नियाने मात्र एक कायदा केला आहे. १ जानेवारी २०२५ पासून तिथे दुकानदाराला, आपण माल विकतोय की नुसतं लायसन्स देतोय, हे गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगावं लागतं. अटींच्या जंगलात नव्हे, समोर. थोडक्यात काय, सिलिकॉन व्हॅली पन्नास वर्षं घासून घासून शेवटी सदाशिव पेठेतल्या पाटीपर्यंत पोचली. अजून शुद्धलेखनाच्या चुका व्हायच्या आहेत, पण होतील.

इथवर वाचून कोणाला वाटेल की हा माणूस कागदाच्या आणि कॅसेटच्या बाजूचा आहे. तसं असतं तर बरं झालं असतं. पण वस्तू हाताशी असली की ती आपली सेवा करते, हा समज पावसाळ्यात टिकत नाही. कोकणातल्या आमच्या घरी पुस्तकांना ऑगस्टात जी दाढी यायची ती संक्रांतीनंतर उतरायची. वाळवी ही सर्वांत व्यासंगी वाचक. ती मलपृष्ठापासून प्रस्तावनेपर्यंत काही सोडत नाही आणि अभिप्रायही देत नाही. १२ जुलै १९६१ च्या पानशेतच्या पुराने पुण्यात किती घरांतली पुस्तकं नेली असतील, आणि तीही पैसे परत न करता. 'आलम आरा' हा १९३१ चा आपला पहिला बोलपट, प्रत्यक्ष फिल्मवर होता, डब्यात होता, वजनाला चांगला जड होता. आज त्याची एकही प्रत कुठे नाही. असे चित्रपट जपण्यासाठी १९६४ साली पुण्यात चित्रपट संग्रहालय झालं, आणि तिथल्या नायट्रेटच्या फिल्मांना २००३ मध्ये आग लागली. वस्तू हातात असण्याचा एक अर्थ ती हातातून जाऊ शकते असाही आहे.

आणि नाही गेली तरी काय? माझ्याकडे 'गीतरामायणा'चा कॅसेटसंच आहे. १ एप्रिल १९५५ च्या रामनवमीला पुणे आकाशवाणीवरून सुरू झालेली ती ५६ गीतं, वर्षभर आठवड्याला एक अशी लोकांनी रेडिओसमोर बसून ऐकली. माझा संच पूर्ण आहे, पावतीसह आहे, माझ्या निर्विवाद मालकीचा आहे. तो मी विकू शकतो, दान करू शकतो, बँकेत तारण ठेवायला गेलो तर ते हसतील पण कायद्याने अडवणार नाहीत. फक्त ऐकू शकत नाही. कॅसेट प्लेअर दुरुस्त करणारे सद्गृहस्थ निवृत्त झाले, त्यांच्या जागी आता मोबाइलच्या काचा बदलतात. तेव्हा रामायण ऐकायचं झालं की मी फोनवर लावतो, जिथे दर महिन्याला भाडं भरतो आणि जिथलं एकही गीत माझं नाही. मालक मुका बसलाय आणि भाडेकरू तल्लीन होऊन ऐकतोय, असा हा संसार.

सीडीची गत त्याहून वाईट. व्हीसीडी २८ रुपयांना मिळायला लागल्या तेव्हा आम्ही भाजी घेऊन येताना नाटकं घेऊन यायचो. आता लॅपटॉपला ती तबकडी घालायची फटच नसते. गच्चीत आणि बाल्कनीत दोऱ्याने टांगलेल्या त्या चकत्या तुम्ही पाहिल्या असतील. कबुतरं घाबरतात म्हणे. आमच्याकडे दोन अंकी विनोदी नाटकाच्या दोन चकत्या टांगल्या आहेत. कबुतरं येतात, आपलं प्रतिबिंब बघतात, मान हलवतात आणि निवांत बसतात. कधी कधी वाटतं, प्रयोग रंगलाय.

आमच्या सौभाग्यवतींचा या सगळ्या वादाशी संबंध फक्त दिवाळीच्या साफसफाईपुरता. "टॅबमधली पुस्तकं पुसावी लागत नाहीत," हा त्यांचा एकमेव आणि खोडून न काढता येणारा मुद्दा. पण त्यांच्याही ताब्यात एक छापील पुस्तक असं आहे की ज्याला हात लावायची कोणाची टाप नाही. कमलाबाई ओगल्यांची 'रुचिरा'. १९७० साली निघालेल्या या पुस्तकाने महाराष्ट्रातल्या किती मुलींची सासरी अब्रू राखली, त्याची मोजदाद नाही. आमची प्रत सासूबाईंची. पुरणपोळीचं पान तुपाने पारदर्शक झालंय, मसालेभाताच्या पानाला हळदीचा अंगठा आहे आणि एका ठिकाणी आत्याबाईंच्या हातचं 'गूळ थोडा जास्त' असं लिहिलेलं आहे.

समजा, हे पुस्तक फक्त यंत्रात असतं. २०२३ मध्ये इंग्लंडात रोआल्ड डालच्या मुलांच्या पुस्तकांतले शब्द आजच्या काळाला रुचतील असे बदलण्यात आले. तेव्हा ज्यांनी जुनी ई-आवृत्ती घेतलेली होती त्यांच्या यंत्रातही मजकूर आपोआप नवा झाल्याच्या बातम्या होत्या. जाड्या मुलाचं वर्णन रात्रीतून सभ्य झालं. असं 'रुचिरे'चं झालं तर? सकाळी उठून पाहावं तर एखाद्या आहारतज्ज्ञाच्या सल्ल्याने पुरणातला गूळ निम्म्यावर आलेला, तुपाच्या जागी ऑलिव्ह तेल आणि चकलीच्या पुढे 'भाजून घ्यावी' असं. आणि मूळ मजकूर काय होता हे सांगणारी प्रत जगात कुठेच नाही! आमच्या घरात तरी त्या दिवशी असहकार चळवळ झाली असती. सौ.ला मी हे सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "आत्याबाईंनी बदललंय तेच पुरे आहे."

उरला प्रश्न आपल्या पश्चातचा. मराठी माणूस हा विषय सहसा एलआयसीच्या एजंटापुढेच काढतो, पण वस्तूंचा विचार करताना तो टळत नाही. आमच्या आजोबांची पुस्तकं वाटताना वडील आणि काका यांच्यात ज्ञानकोशाच्या खंडांवरून जे झालं, त्यावरून पुढे बरीच वर्षं एकमेकांच्या मुंजींना फक्त आहेर गेले, माणसं गेली नाहीत. खंड दोघांत विभागले गेले, त्यामुळे निम्म्या अक्षरांचं ज्ञान एका घरात आणि निम्म्यांचं दुसऱ्या. भाऊबंदकीसाठी मालकी लागते. बांध असेल तर बांधावरून, विहीर असेल तर विहिरीवरून, आणि काहीच नसेल तर खंडांवरून. माझ्या टॅबमधल्या पुस्तकांवरून माझ्या मागे कोणाचंही भांडण होणार नाही, कारण ती कोणाला देण्याची सोयच नाही. खातं हस्तांतरित करता येत नाही, असं अटींत लिहिलेलं आहे. २०१२ मध्ये हॉलिवूडचे नट ब्रूस विलिस आपला गाण्यांचा संग्रह मुलींना ठेवता यावा म्हणून ॲपलवर खटला भरणार, अशी बातमी जगभर झाली होती. ती खोटी निघाली, पण ती सगळ्यांना इतकी खरी वाटली की त्यातच काय ते आलं. आपल्याकडे २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्यात आपल्या माहितीच्या हक्कांसाठी नॉमिनी नेमण्याची तरतूद आहे. म्हणजे माझा पत्ता, माझा फोन नंबर आणि माझी जन्मतारीख यांच्यासाठी वारस नेमता येईल. माझ्या कादंबऱ्यांसाठी नाही.

तेव्हा परवा पुतण्या आला होता, त्याला मी सरळच विचारलं. तो पुण्याला फ्लॅट घेतोय, एका बड्या कंपनीत आहे, त्याच्या घरी एकही पुस्तक नाही आणि त्याच्या फोनमध्ये सगळी आहेत. म्हटलं, "अरे, माझ्यामागे ही पुस्तकं तू नेशील का? पूर्ण मालकी हक्काने. लायसन्स नाही, भाडं नाही. विक, वाट, काय वाटेल ते कर." तो उठला, हात मागे बांधून कपाटासमोर उभा राहिला. अगदी आमच्या मेव्हण्यांवर गेलाय, असं मला वाटून गेलं. ते त्याचे कोणी लागत नाहीत तरी. त्याने कपाटाचं दार उघडलं, बिजागरी हलवून पाहिली, बोटाच्या पेराने फळीवर टकटक केलं.

"काका, सागवान आहे ना हे?"

"बर्मा टीक. आजोबांनी करून घेतलंय."

"मग मी आत्ताच नेतो, तुमची हरकत नसेल तर. रविवारी टेम्पो सांगतो. पुस्तकं तेवढी रिकामी करून ठेवा."

मेव्हण्यांना फोन केला. ते म्हणाले, "रविवारी? मी शनिवारीच येतो, भावोजी."